रॉबर्ट गिल: अजिंठ्याच्या रांगेतील एकांतवासी चित्रकार

बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसले आहे, तीच रांग पश्चिमेकडे सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर अजिंठा गावाशी पोहोचते, आणि त्या गावापुढचा घाट उतरून वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर गेले की कड्यात खोदलेली लेणी दृष्टीस पडतात. आज ही दोन ठिकाणे दोन वेगळ्या जिल्ह्यांत, किंबहुना विदर्भ आणि मराठवाडा या दोन प्रदेशांत मोडत असली, तरी इतिहासात ती एकमेकांना कधी परकी नव्हती. अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकाची लेणी ज्याने खोदविली तो वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री होता, हे त्या लेणीतील शिलालेखावरून कळते. हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. पाचव्या शतकात वाशीमहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या माणसाला आजच्या मेहकर-चिखली परिसरातूनच वाट काढणे स्वाभाविक होते. या भूगोलाचे स्मरण ठेवले, म्हणजे एकोणिसाव्या शतकात याच डोंगरात ३० वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या एका चित्रकाराचे काम अजिंठ्यापाशीच न थांबता बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत का पोहोचले, हे समजू लागते.

मेजर रॉबर्ट गिल याचा जन्म १८०४ मध्ये लंडनमध्ये झाला आणि तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी झाला. अजिंठ्याच्या लेण्यांकडे इंग्रजांचे लक्ष १८१९ मध्ये गेले होते, पण तेथील भित्तिचित्रे ओल, वटवाघळे आणि माणसांचा निष्काळजी वावर यांमुळे झपाट्याने नष्ट होत आहेत, याची जाणीव स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८४३ च्या सुमारास करून दिली. रॉयल एशियाटिक सोसायटीने त्याचा आग्रह उचलून धरला, कंपनीच्या संचालकांनी चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचा निर्णय घेतला आणि १८४४ मध्ये हे काम गिलकडे आले. अजिंठा गावातील बारादरी, म्हणजे बारा दारांची निजामकालीन वास्तू, हे त्याचे निवासस्थान ठरले.

येथे ‘प्रतिकृती’ या शब्दाने ज्या कामाचा बोध होतो, त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगविलेली नाहीत. खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा जाड गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले खनिज रंग, अशी त्यांची रचना आहे. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, हिरवा खडक आणि उत्तरकालीन लेण्यांत दुरून आणलेला निळा राजावर्त एवढ्या मोजक्या रंगांत तेथील शेकडो माणसे उभी आहेत. गिलला हे सर्व कॅनव्हासवर तैलरंगांत, आणि शक्य तेथे मूळ आकारात उतरवायचे होते. म्हणजे निस्तेज मातीच्या रंगांचे भाषांतर चकाकणाऱ्या तेलाच्या रंगांत करणे, पोपडे निघालेल्या जागी रेषा कोठे जात असावी याचा निर्णय घेणे, आणि अपुऱ्या उजेडात एकेका चेहऱ्याचा भाव पकडणे, ही सारी कामे त्यात आली. युरोपीय पद्धतीत शिकलेल्या हाताला छायाप्रकाशातून घनता दाखविण्याची सवय असते, तर अजिंठ्याचा चित्रकार शरीराची गोलाई बव्हंशी रेषेच्या वळणातून आणि रंगाच्या हलक्या दाटपणातून सांगतो. या दोन रीतींमधला संघर्ष गिलला प्रत्येक आकृतीपाशी सोडवावा लागला असणार. त्याला केवळ नकलाकार ठरविणे अन्यायाचे आहे. मानवाकृती समजून घेतल्याशिवाय ती इतक्या मोठ्या आकारात पुन्हा रंगविता येत नाही.

सुमारे दोन दशके, म्हणजे १८६३ पर्यंत, हे काम चालले. या काळात त्याची इंग्रज पत्नी मायदेशी परतली, आजारपणे आली, साहित्य वेळेवर मिळाले नाही, आणि युरोपीय समाजापासून तो जवळजवळ तुटला. त्याच्या या तुटलेपणाला एकांतवास म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो युरोपीय छावणीच्या दृष्टीने एकांत होता, एवढे लक्षात ठेवावे. स्थानिक स्त्री पारो हिच्याशी त्याचा सहवास होता. २३ मे १८५६ रोजी ती कॉलऱ्याने वारली आणि गिलने बांधलेली तिची समाधी अजिंठ्यात आहे. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा २०१२ मधील चित्रपट यांमुळे ही कथा मराठी मनात रुजली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या कथेच्या प्रकाशात चित्रकाराचे काम अंधारात राहिले, ही हानी मोठी आहे. पारोचे नाव जाणणाऱ्या किती वाचकांना गिलची चित्रे कशी होती आणि त्यांचे काय झाले हे ठाऊक आहे?

त्यांचे जे झाले ते कोणत्याही चित्रकाराच्या वाट्याला येऊ नये. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे लोखंड आणि काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात, मांडलेल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. वाचलेली मोजकी चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्या काही चित्रांची कल्पना १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकातील रेखाटनांवरून येते, कारण ती गिलच्या प्रतिकृतींवरून केलेली होती. साठी ओलांडलेल्या गिलने आगीनंतर पुन्हा प्रतिकृतींचे काम हाती घेतले.

परंतु त्याच्या कामाचा एक भाग आगीपासून दूर राहिला, आणि बुलढाणा जिल्ह्याचा संबंध नेमका त्याच भागाशी आहे. १८५६ च्या सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला होता. लेण्यांच्या अंधारातली रंगीत चित्रे त्या काळच्या छायाचित्रणाच्या आवाक्यात नव्हती. खांब, दारे, शिल्पे आणि उघड्यावरची मंदिरे मात्र होती. त्यामुळे रंग आणि आकृती यांसाठी कुंचला, तर दगडासाठी कॅमेरा, अशी त्याच्या कामाची वाटणी झाली. त्या काळी प्रचलित असलेल्या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण आणि चांदीचा क्षार यांचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच अंधारात धुवावे लागे, म्हणून छायाचित्रकाराला तंबू, रसायने आणि पाणी बरोबर वागवावे लागे. हा सारा पसारा घेऊन डोंगरी प्रदेशात हिंडणे हे शरीर झिजविणारे काम होते. गिल जोडचित्रे घेई, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन छायाचित्रे, जी विशिष्ट भिंगातून पाहिली असता दृश्याला खोली येते. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली: एक ७४ छायाचित्रांसह भारतातील शैलमंदिरांवर आणि दुसरे पश्चिम भारतातील स्थापत्य व निसर्ग यांच्या १०० जोडचित्रांचे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आला होता, तर अजिंठा निजामाच्याच राज्यात राहिला होता. गिलचा कॅमेरा ही सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या लोणारला गेला. अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तेथे आहे, आणि गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे मंदिर ताराकृती आहे, म्हणजे त्याच्या भिंती सरळ न जाता ताऱ्याच्या टोकांसारख्या आत-बाहेर वळत जातात, आणि प्रत्येक वळणावर उजेड-सावलीची नवी पट्टी तयार होते. आयुष्यभर मानवाकृती न्याहाळलेल्या डोळ्यांना या भिंतींवरील मूर्तींनी थांबविले नसते तरच नवल. रंगाचा आधार नसताना केवळ सावलीने शरीर उभे करणारी ही कला अजिंठ्याच्या चित्रांहून अनेक शतकांनी अलीकडची आहे, पण पाहणारा एकच होता, आणि त्याच्या दोन्ही कामांत तीच सावध, आकृतीपासून नजर न हटविणारी दृष्टी आहे.

१८७९ मध्ये गिल वारला. भुसावळला त्याचे दफन झाले. तोवर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, ज्यांत पेस्तनजी बोमनजी हे प्रमुख होते, अजिंठ्यात कामाला लागले होते. त्यांच्याही प्रतिकृतींचा मोठा भाग १८८५ मध्ये लंडनमधील आगीत गेला, तरी भारतीय हातांनी अजिंठ्याची रेषा शिकण्याची परंपरा तेथून सुरू झाली आणि १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर आलेल्या नंदलाल बसू, असितकुमार हळदार यांच्यापर्यंत पोहोचली. गिलच्या लोणारच्या छायाचित्रांना असे वारस मिळाले नाहीत. दैत्यसूदन मंदिर अजून उभे आहे, त्याची १८६० च्या दशकातील ही चित्रे उपलब्ध आहेत, आणि कोणत्या मूर्ती त्या काळी शाबूत होत्या, कोणत्या तेव्हाच भंगल्या होत्या, हे एकेक भिंत घेऊन पडताळण्याचे काम बुलढाणा जिल्ह्यातील इतिहासाच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे इतके ते मोलाचे आहे.