गाडी बंद पडली होती

औशाला आमच्या वाड्यालगत पत्र्याच्या शेडखाली एक पांढरी अँबेसेडर उभी आहे. पांढरी म्हणजे एकेकाळी पांढरी. गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाला गेले, तेव्हा पुण्याहून आलेल्या पोरांनी तिच्यासमोर रांग लावून रील्स काढल्या. बॉनेटवर हात, डोळ्यांवर गॉगल. सगळं झाल्यावर एकानं विचारलं, "चालते का ही?" बाबा उत्तर देणार, तेवढ्यात मागून नात्यातलंच कुणीतरी बोललं, "चालंल की, ढकलली तर." सगळे हसले. मग तेच गृहस्थ आवाज उतरवून म्हणाले, "भूकंपाच्या दिवशी ऐन वक्ताला बंद पडली होती. एक बाई गेली बिचारी."

बाबा काही बोलले नाहीत.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. माझा जन्म भूकंपानंतरचा. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आमच्याकडे काळाचे दोन भाग पडतात, भूकंपाच्या आधी आणि नंतर. त्या दिवसाबद्दल घरात फार बोलत नाहीत, पण गाडीचं वाक्य मात्र कायम. आणि ते ऐकून आजवर कुणीही "का बंद पडली?" असं विचारलेलं मला आठवत नाही. अँबेसेडर होती, त्यात काय विचारायचं?

या वेळी मी विचारायचं ठरवलं. मला गाड्यांचं वेड नाही. पण इतिहासात एम.ए. करताना एक खोड लागली: सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट दिसली की तिची जन्मतारीख शोधायची.

तर आधी गाडीची जन्मतारीख. अँबेसेडर मूळची इंग्रज. ऑक्सफर्डजवळच्या काउली इथं मॉरिस कंपनीचा कारखाना होता, तिथली 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री'. बी. एम. बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स काढली, गुजरातमधल्या ओखा बंदरात. पुढे कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला. १९५७ च्या सुमारास ऑक्सफर्डचं रूप घेऊन अँबेसेडर आली आणि २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. इंजिनं बदलली, जाळी बदलली, नावापुढचे मार्क बदलले. अंग जवळपास तेच.

हे एवढं टिकलं कसं, याचं उत्तर गाडीत कमी आणि दिल्लीत जास्त आहे. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं, की सुटे भाग आणून नुसत्या जोडणाऱ्या कंपन्या नकोत. इथंच बनवायचा कार्यक्रम असेल तर थांबा. मुंबईत १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मग साध्या माणसासाठी उरल्या तीन: उत्तरपाड्याची अँबेसेडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची. आज फोनवर ऑर्डर केलेली वस्तू दोन दिवस उशिरा आली तर आपण एक स्टार देतो. इतकी वर्षं थांबून मिळालेल्या गाडीचं दार नीट लागलं नाही, तर माणसाच्या मनात काय येत असेल?

आणि दार नीट लागत नसे, हे खरंच. मी गाडीची वकील नाही. पावसात पाणी आत यायचं, पत्रा गंजायचा, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची. गिऱ्हाईक जाणार कुठं, हे माहीत असलेल्या कारखान्याला सुधारायची घाई नव्हती. "हॉर्न सोडून सगळं वाजतं" हा विनोद उगाच जन्मला नाही. पण त्यातला निम्मा राग लायसन्स-परमिटच्या कारभारावर होता. सरकारला लाथ मारता येत नव्हती, टायरला येत होती. शिवाय सरकार यायचंच या गाडीतून. पांढरी अँबेसेडर, वर दिवा, मागं धूळ.

बदनामी एकट्या अँबेसेडरची नाही, तिच्या सगळ्या इंग्रज भाऊबंदांची आहे, आणि सगळ्यात जास्त ती इंग्लंडात झाली. १९६८ मध्ये तिथल्या कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड नावाचं मोठं धूड तयार झालं. संप, वाद, तोटा. १९७५ मध्ये ते सरकारलाच ताब्यात घ्यावं लागलं. त्या काळातल्या मॉरिस मरीना, ऑस्टिन अ‍ॅलेग्रो या गाड्या म्हणजे तिकडचा हुकमी विनोद. दिवे-वायरिंगचं सामान लुकास कंपनीचं असायचं, म्हणून लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण त्यांचा फ्रिजही लुकासचा असतो. 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमात तर मरीनावर उंचावरून पियानो पाडायची प्रथाच पडली. गंमत म्हणजे त्याच 'टॉप गिअर'नं २०१३ मध्ये जगभरच्या टॅक्सी एकमेकींशी भिडवल्या आणि पहिला नंबर दिला अँबेसेडरला.

मला रस आहे तो या विनोदांच्या मागं काय झाकलं जातं, यात.

हेरल्डचं उदाहरण घ्या. हेरल्ड म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, १९६१ पासून मद्रासला बनायला लागली. छोटी, देखणी, बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट उचललं जायचं, एवढ्याशा गल्लीत वळायची. तिच्याबद्दल एक भीती होती, की चालता चालता पुढचं चाक मोडून आत दुमडतं. दुमडायचंही. कारण असं: पुढच्या चाकाला खालून धरणारा एक पितळी सांधा होता. त्याच्यात ऑइल भरावं, असं कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट होतं. गॅरेजमध्ये हाताशी असायचा ग्रीसचा पंप. बाकी सगळ्या निपलांना ग्रीस, मग यालाही ग्रीस. घट्ट ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नसे, सांधा कोरडा पडायचा, झिजायचा आणि एक दिवस तुटायचा. पुस्तक कुणी वाचलं नाही, पंप कुणी मारला, हे सगळं विसरलं गेलं. लक्षात राहिलं एवढंच, की हेरल्डचं चाक मोडतं.

अँबेसेडरचंही तेच. त्या पिढीच्या गाडीला दर हजार मैलांनी खालून ग्रीस लागायचं. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, टॅपेट लावायचे. ज्यांनी ती आखली त्यांनी हे गृहीतच धरलं होतं. आपल्याकडे सुरुवातीला मोटारवाल्याकडे ड्रायव्हर असायचा आणि तो रविवारी हे सगळं करायचा. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं जपानी इंजिन. किल्ली फिरवली की सुरू, आणि खाली वाकायची गरज नाही. लोक स्वतः गाडी चालवायला लागले. अँबेसेडरवाल्यांनीही ड्रायव्हर सोडला, पण ड्रायव्हरचं काम कुणी उचललं नाही. ज्या गाडीला देखभाल हवी, तिला आपण भरवशाची नाही म्हणू लागलो.

उन्हाचंही सांगते. इंग्लंडच्या थंडीत वाढलेली गाडी, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. पेट्रोल पंपातच उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि इंजिन गप. उपाय सगळ्यांना ठाऊक: पंपावर ओलं फडकं टाका, झाडाखाली दहा मिनिटं थांबा. लातूर-औसा रस्त्यावर बॉनेट उघडून उभी असलेली अँबेसेडर म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याचं चित्रच होतं. येणाराजाणारा म्हणायचा, पडली बंद. दहा मिनिटांनी ती निघून जायची, पण ते बघायला तो तिथं नसायचा.

आता आजोबांची वही.

आजोबांचं औशात अडतीचं दुकान होतं. ही गाडी त्यांनी १९८५ मध्ये सरकारी लिलावात घेतली. अडत्याचा जीव, हिशेब ठेवल्याशिवाय राहवत नसे. गाडीची वेगळी वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. लग्नानंतर दोन दिवस राहून मी ती माळवदावरच्या पेटीतून काढली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, काम काय, रुपये. कुठं थांबली तर तेही. "तुळजापूर रोड, पंक्चर." "निलंगा, फॅनबेल्ट तुटला, दोरी बांधून आणली." "पंक्चर." "बॅटरीत पाणी नव्हते." "पंक्चर." बहुतेक थांबे पंक्चरचेच. पंक्चर तर मारुतीचंही होतं, पण तिथं त्याला पंक्चर म्हणतात. आणि वहीत जिथं जिथं गाडी थांबली, तिथून ती त्याच दिवशी स्वतःच्या चाकांवर घरी आली. दोरी, साबण, सायकलची ट्यूब, जे असेल ते लावून.

एक सोडून. आणि तीच नोंद वहीत नाही.

२५ सप्टेंबर १९९३: "पेट्रोल १० लि." त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे कोरे.

मधल्या काळात काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून सुमारे दहा हजार माणसं.

औशात भिंतींना तडे गेले, लोक गल्लीत आले. उजाडता उजाडता किल्लारीची बातमी आली. बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्यांनी गाडी काढली. शेजारच्या गल्लीतले गॅरेजवाले मिस्त्री सोबत बसले, पहार आणि पाण्याचे हंडे घेऊन. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, गॅरेज मुलगा बघतो. वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"सेल्फ पहिल्या झटक्यात घेतला," चाचा म्हणाले. "लई गाड्या निघाल्या त्या दिवशी. पण आडवा माणूस आपल्या गाडीतच मावायचा. मागची सीट आख्खी, पाय लांब करून."

पहिल्या खेपेला त्यांनी दोन जखमींना लातूरला पोचवलं आणि उलट फिरले. दुसऱ्या खेपेला मागच्या सीटवर एक बाई आणि तिचा मुलगा होता. लामजना पाटी ओलांडली आणि गाडीनं दोन आचके दिले.

"मग काय झालं? वाफ?"

"वाफ कशाची बेटी, सकाळची वेळ." चाचांनी बराच वेळ वही हातात धरली. त्यांना मराठी वाचता येतं, पण ते वाचत नव्हते. "पेट्रोल संपलं व्हतं. काटा कवाचा अर्ध्यावर अडकलेला, तुझे आजोबा वहीवर हिशेब करायचे. तुझा बाप आदल्या दिवशी विसर्जनाला लातूरला जाऊन आलता. भरलं नव्हतं. ध्यानातच नाही आलं. त्या दिवशी कुणाच्या ध्यानात येणार?"

रस्त्यावर उभं राहून त्यांनी हात केले. बऱ्याच वेळानं एक ट्रक थांबला. लातूरला पोचेपर्यंत बाई गेली होती, मुलगा वाचला. लवकर पोचले असते तर ती जगली असती का, हे चाचांना सांगता येत नाही, कुणालाच येणार नाही.

संध्याकाळी गल्लीत कुणीतरी विचारलं, गाडी कुठंय? बाबा म्हणाले, रस्त्यात बंद पडली. एवढंच. ते खोटं नव्हतं. पुढचं सगळं ऐकणाऱ्यांनी स्वतः भरलं. मारुती असती, तर पहिला प्रश्न आला असता: पेट्रोल होतं का? अँबेसेडरला तो कुणी विचारला नाही, आणि सव्वीस वर्षांच्या पोराला त्या दिवशी त्या न विचारण्याचा आधार मिळाला. एकोणचाळीस साली, नव्वद साली, कुठल्याही साली जन्मलेला माणूस असता तरी त्यानं तो घेतला असता. गाडीनं ऑइलऐवजी ग्रीस मारणारे मिस्त्री झाकले, न सुधारणारा कारखाना झाकला, परमिट वाटणारं सरकार झाकलं. माझ्या वडिलांनाही झाकलं, याबद्दल तिच्यावर रागवायचं की तिचे आभार मानायचे, हे माझं अजून ठरलेलं नाही.

हे लिहिण्याआधी बाबांना विचारलं. चाचांनी सांगितलं, असंही सांगितलं. ते शेडमध्ये जाऊन बोनेटवरची धूळ फडक्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "लिही. गाडीला उगं बोल लागला."

आजोबांना ठाऊक होतं की नाही, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. आजोबांनी कधी विषय काढला नाही, म्हणाले. मी त्यांना वहीचं पुढचं पान दाखवलं.

१४ ऑक्टोबर १९९३: "मागील सीटचे रेक्झिन नवीन घातले. जुने जाळले. काटा दुरुस्त. टाकी फुल."

त्याआधीच्या आठ वर्षांत आजोबांनी कधी दहा लिटरच्या वर पेट्रोल भरलेलं नाही. त्यानंतर वही संपेपर्यंत प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच दोन शब्द आहेत.