परतीची वाट : १८१२ च्या अमेरिकन मिशनरी मित्रमंडळाचे स्वदेशागमन

ख्रिस्ती मिशनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी प्रस्थानाची नोंद जितक्या आस्थेने केली आहे, तितक्या आस्थेने परतीची केलेली नाही. कोणते जहाज कोणत्या बंदरातून कोणत्या दिवशी सुटले, त्यावर कोण होते, धक्क्यावर निरोप द्यायला कोण आले होते, हे सारे तपशिलाने सांगितले जाते. तीच माणसे परत आली की नाही, आली असल्यास कशी आली आणि आल्यावर त्यांना आपले घर आपले वाटले काय, हे प्रश्न बहुधा चरित्रकारांवर सोपवले जातात. वास्तविक परत येणे ही प्रस्थानाइतकीच ऐतिहासिक घटना आहे. परदेशी धर्मकार्यासाठी एकत्र निघालेल्या एका मित्रमंडळाच्या परतीचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. या मंडळातील तिघांचा मुंबईशी आणि मराठी भाषेशी प्रत्यक्ष संबंध आला, त्यामुळे आपल्या अभ्यासकांना हा विषय अगदी परका वाटू नये.

या मंडळाचा उगम मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजात आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले व त्यांनी गवताच्या गंजीचा आसरा घेतला. तेथेच परदेशी धर्मप्रसाराचा विचार पुढे आला, असे सांगतात. त्यांचा पुढारी सॅम्युएल मिल्स. १८०८ साली या विद्यार्थ्यांनी एक गुप्त बंधुमंडळ स्थापिले व त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहून ठेवली. पुढे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट व सॅम्युएल न्यूएल यांची त्यांना साथ मिळाली. १८१० च्या जूनमध्ये जडसन, नॉट, मिल्स व न्यूएल या चौघांनी आपल्या पंथाच्या धर्मसभेपुढे अर्ज ठेवला. अर्जावर ल्यूथर राइस व जेम्स रिचर्ड्स यांचीही नावे होती. परंतु एवढी मोठी संख्या पाहून वडीलधारी मंडळी बिचकतील, म्हणून ती दोन नावे खोडण्यात आली. या अर्जातूनच अमेरिकन बोर्ड या नावाने आपल्याकडे ओळखली जाणारी संस्था निर्माण झाली.

१८१२ च्या ६ फेब्रुवारीस सेलम येथे जडसन, न्यूएल, नॉट, गॉर्डन हॉल व राइस या पाच तरुणांना एकाच वेळी दीक्षा देण्यात आली. त्याच महिन्यात जडसन व न्यूएल ही दोन नवविवाहित जोडपी सेलमहून, आणि नॉट पतिपत्नी, हॉल व राइस हे फिलाडेल्फियाहून हिंदुस्थानकडे निघाले.

या प्रस्थानात परतीचा विचार नव्हता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कलकत्त्यास पोहोचण्यास चार महिने किंवा अधिक काळ लागे. पत्राला पत्र मिळण्यास एक वर्षही पुरत नसे. जडसनने अ‍ॅनला मागणी घालताना तिच्या वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तुमच्या कन्येला या जगात पुन्हा कधीही न पाहण्याची तुमची तयारी आहे काय, असे त्याने त्यात विचारले होते. ही अतिशयोक्ती नव्हती, कराराची अटच होती. निघणारा कायमचा निघे. त्यामुळे पुढे जो कोणी परत आला, त्याला आपल्या परतीचे कारण जगाला सांगणे भाग पडले.

हिंदुस्थानात पाऊल ठेवताच मंडळ फुटले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला. त्याच सुमारास जडसन पतिपत्नींनी व त्यांच्यामागून राइसने बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत बदलून कलकत्त्यास बॅप्टिस्ट पंथ स्वीकारला. ज्या बोर्डाने पाठवले त्याच्याशी असलेला त्यांचा संबंध त्यामुळे संपला. न्यूएल पत्नीसह मॉरिशसकडे गेला. त्या प्रवासात हॅरिएटला झालेले मूल दगावले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तीही वारली. तिची दैनंदिनी व पत्रे मात्र स्वदेशी पोहोचली, छापली गेली व घरोघर वाचली गेली. या मंडळातील स्वदेशी सर्वांत आधी परतली ती हॅरिएटची अक्षरे, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसांपैकी पहिला परतला तो राइस. १८१३ च्या सप्टेंबरात तो न्यूयॉर्कला उतरला. त्याने यावयाचे, अमेरिकेतील बॅप्टिस्टांना या कार्यास उभे करावयाचे आणि मग जडसनला जाऊन मिळावयाचे, असा बेत होता. त्यातील पहिला भाग इतका यशस्वी झाला की दुसरा कधी घडलाच नाही. १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे देशभरच्या बॅप्टिस्टांचे महामंडळ स्थापन झाले व त्याने जडसनचा भार उचलला. राइस पुढील आयुष्यभर घोड्यावरून गावोगाव हिंडत निधी जमवीत राहिला, वॉशिंग्टनमध्ये महाविद्यालय काढण्यात पुढाकार घेता झाला, आणि १८३६ साली दक्षिण कॅरोलायनात निवर्तला. थोड्या दिवसांसाठी घरी आलेला हा माणूस घरीच अडकला. परंतु तो परत आला नसता तर ब्रह्मदेशात राहिलेल्या त्याच्या मित्राला पाठबळ मिळते ना.

हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. त्यांनाही परत पाठवण्याचे हुकूम निघाले. एकदा ते गुपचूप कोचीनपर्यंत गेले व तेथून त्यांना मुंबईस आणण्यात आले. अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे केलेल्या अर्जविनंत्या आणि विलायतेत कंपनीच्या सनदेत झालेला बदल यांमुळे त्यांना राहू देण्यात आले. १८१४ साली न्यूएल सिलोनमार्गे त्यांना येऊन मिळाला. तीन मित्र एका शहरात आले, पण ते सुख फार टिकले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट १८१५ मध्ये पत्नीसह मुंबई सोडून गेला. ज्या भूमीत राहता यावे म्हणून सरकारशी एवढा झगडा केला, तीच भूमी शरीराला मानवेना! पुढे मॅसॅच्युसेट्समधील वेअरहॅम या गावी त्याने अनेक वर्षे पाळकाचे काम केले. १८१२ च्या पाच दीक्षितांपैकी तो सर्वांच्या मागे राहिला व १८६९ साली वारला. त्याच्या या दीर्घ उत्तरायुष्याबद्दल मिशनच्या इतिहासांत जेमतेम दोन ओळी सापडतात. जो मरतो त्याचे स्मारक होते, जो आजारी पडून परततो त्याच्यासाठी त्या काळच्या शब्दकोशात मानाचा शब्दच नव्हता.

न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. हॉलच्या मृत्यूची हकीकत तर परतीच्या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखी आहे. १८२५ मध्ये त्याची पत्नी मुलांसह अमेरिकेस निघाली. तो स्वतः मुंबईसच राहिला. १८२६ च्या मार्चमध्ये तो दोन मुलांना बरोबर घेऊन नाशिकच्या बाजूस फिरतीवर गेला. तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून संपल्यावर त्याने घरची वाट धरली. आजच्या नाशिक जिल्ह्यातील दोडी-दापूर येथे त्यालाच पटकीने गाठले व २० मार्च रोजी काही तासांत तो गेला. त्याला मूठमाती देण्यास ती दोन मुलेच होती. येथे ‘घरची वाट’ म्हणजे मुंबईची वाट, हे ध्यानात घ्यावे. पत्नी व मूल ज्या दिशेला गेले ती त्याच्या परतीची दिशा उरली नव्हती. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी त्याने श्रम घेतले, तो त्याच वर्षी मुंबईत छापून पुरा झाला.

मिल्सला बोर्डाने परदेशी पाठवले नव्हते. पुढे अमेरिकेतील मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवू पाहणाऱ्या संस्थेने त्याला जागेच्या पाहणीसाठी धाडले. एबेनेझर बर्जेस या सहकाऱ्यासह तो सिएरा लिओनच्या किनाऱ्यास गेला. पाहणी करून दोघे परत निघाले असता १६ जून १८१८ रोजी मिल्स जहाजावर वारला व त्याला समुद्रातच पुरण्यात आले. अहवाल घेऊन बर्जेस एकटाच पोहोचला. या संस्थेची भाषाही तपासण्याजोगी आहे. अमेरिकेतच जन्मलेल्या माणसांना आफ्रिकेत पाठवण्यास ती ‘परत पाठवणे’ म्हणत असे. कोणाचे घर कोठे, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याने स्वतःकडे घेतला की ‘परत’ हा साधा शब्द किती कठोर होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

आता जडसनकडे वळू. त्याच्या पत्नीने, अ‍ॅनने, १८२२ साली प्रकृतीसाठी इंग्लंडमार्गे अमेरिकेची वाट धरली व दुसऱ्या वर्षी ती ब्रह्मदेशात परतली. या अवधीत तिने ब्रह्मदेशातील मिशनची हकीकत पत्ररूपाने प्रसिद्ध केली. सामान्य अमेरिकन वाचकाला ब्रह्मदेशाची ओळख झाली ती अशाच लेखनातून. स्वदेशातील लोकांचे परदेशाविषयीचे ज्ञान परत आलेल्यांनी, निधी मिळवण्याच्या हेतूने, घडवलेले असते. ही गोष्ट अशा साधनांचा उपयोग करणाऱ्या संशोधकाने विसरून चालणार नाही. इंग्रज-ब्रह्मी युद्धात पतीच्या कारावासाचे हाल सोसून अ‍ॅन १८२६ साली वारली. जडसनने १८३४ मध्ये बायबलचे ब्रह्मी भाषांतर पुरे केले.

तो स्वतः निघाला तो थेट १८४५ च्या एप्रिलमध्ये, मौलमीनहून. दुसरी पत्नी सेरा अत्यवस्थ होती म्हणून. कोशाचे काम बोटीवरही चालावे यासाठी त्याने दोन ब्रह्मी साहाय्यक बरोबर घेतले होते. मॉरिशसला सेराला उतार पडलासा वाटला, तेव्हा तिने एकटीने पुढे जावे व आपण माघारी फिरावे असे ठरून ते साहाय्यक मौलमीनला रवाना झाले. पण दुखणे उलटले आणि जडसनला पुढे जावेच लागले. १ सप्टेंबर रोजी सेंट हेलेना येथे सेरा वारली. १५ ऑक्टोबरला तीन मुलांसह तो बोस्टनला उतरला. स्वदेश सोडल्याला तेहतीस वर्षे उलटून गेली होती.

त्याच्या स्वागताला गर्दी लोटली, पण त्याला बोलता येईना. घशाच्या विकाराने आवाज बसला होता. तो कुजबुजे आणि शेजारी उभा असलेला दुसरा कोणी ते शब्द मोठ्याने सभेला सांगे. परंतु घसा हे अर्धेच कारण. आपल्याला भाषणे करावयास लावू नयेत, असे त्याने आधीच कळवले होते. ब्रह्मी भाषेत चांगला उपदेशक होता यावे म्हणून आपण इंग्रजीत प्रवचन करणे मुद्दाम सोडले, आणि आता मातृभाषेत तीन वाक्ये नीट जुळवणेही जड जाते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

‘जडसन इंग्रजी विसरला’ असे यावरून सरसकट म्हटले जाते. भाषाभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. या साऱ्या काळात त्याची इंग्रजी पत्रे अस्खलित आहेत, आणि ब्रह्मी-इंग्रजी कोश रचणारा मनुष्य इंग्रजी विसरला असे म्हणणे विसंगत होय. त्याने गमावली ती भाषा नव्हे, तिचे एक व्यवहारक्षेत्र होते : समुदायापुढे उभे राहून बोलण्याची भाषा. पत्राची इंग्रजी वापरात राहिली म्हणून टिकली, व्यासपीठाची इंग्रजी वापरात नव्हती म्हणून गंजली. भाषेचा क्षय असा क्षेत्राक्षेत्राने होतो, एकदम होत नाही. परतणाऱ्या माणसाला हे सर्वांत जास्त जाचते, कारण घरची माणसे त्याच्याकडून नेमकी तीच भाषा मागत असतात. एका सभेत त्याने साधा धर्मोपदेश केला, तेव्हा श्रोते हिरमुसले. त्यांना दूरदेशीच्या नवलाच्या गोष्टी हव्या होत्या.

घरही पूर्वीचे राहिले नव्हते. त्याने देश सोडला तेव्हा नसलेली आगगाडी आता धावत होती. राइसने परत येऊन ज्या महामंडळाची उभारणी केली, ते गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही या प्रश्नावर १८४५ च्या मे महिन्यातच दुभंगले होते व दक्षिणेकडील बॅप्टिस्टांनी आपले वेगळे मंडळ काढले होते. एका मित्राच्या परतीने जे जुळले, ते दुसऱ्याच्या परतीच्या वेळी तुटलेले होते. १८४६ च्या जुलैत एमिली चबक या लेखिकेशी विवाह करून जडसनने पुन्हा बोस्टन सोडले. १८५० च्या एप्रिलमध्ये प्रकृतीसाठी केलेल्या समुद्रप्रवासात तो वारला. मिल्सप्रमाणे त्यालाही समुद्रातच जागा मिळाली.

आता प्रश्न असा की, १८४६ च्या जुलैत जडसन ब्रह्मदेशास ‘परत गेला’ की ‘परत आला’? मराठीत नुसते ‘परतला’ म्हणून वेळ मारून नेता येते. पण बोलीत आपण ‘येणे’ किंवा ‘जाणे’ जोडतोच आणि त्याबरोबर आपण कोठे उभे आहोत हेही सांगून टाकतो. बोस्टनचा इतिहासकार ‘गेला’ म्हणेल, मौलमीनच्या मंडळीने ‘आला’ म्हटले असेल. मिशनांच्या पुढील व्यवहारात या पेचाचा निकाल एका शब्दाने लागला. ठराविक वर्षांनी मायदेशी जाण्याची रजा नियमित झाली व तिला ‘फर्लो’ हे नाव मिळाले. हा शब्द मुळात डच असून त्याचा अर्थ ‘परवानगी’, आणि तो रूढ झाला सैनिकांच्या रजेसाठी. रजेवर गेलेल्याला हजर व्हावयाचे असते ते कामाच्या ठिकाणी. म्हणजे ‘फर्लो’ म्हणताच मायदेश ही सुट्टीची जागा ठरली आणि परतीची दिशा उलटली. हॉलने १८२६ साली नाशिकहून मुंबईची वाट धरताना जे केले, तेच या शब्दाने नियमात बसवले.

पाच तरुणांनी दीक्षा एकत्र घेतली होती. परत मात्र जो तो एकटा आला, किंवा आलाच नाही. संस्था उभी राहिली ती परतलेल्या राइसच्या पायपिटीवर आणि अ‍ॅनच्या लेखणीवर. भाषांतरे झाली ती राहिलेल्या हॉल व जडसन यांच्या हातून. दोहोंपैकी एकाच बाजूची नोंद करणारा इतिहास अर्धा राहील. आपल्याकडे मराठी नव्या कराराच्या व मिशनच्या छापखान्याच्या संदर्भात या मंडळींचा उल्लेख नेहमी ‘आलेले’ म्हणून होतो. त्यांपैकी कोण गेले, का गेले आणि जाताना येथील भाषेचे काय घेऊन गेले, हा शोध बोर्डाच्या जुन्या पत्रव्यवहारात घेता येण्याजोगा आहे, आणि तो मराठी जाणणाऱ्यानेच घ्यावयास हवा.