एक नियम, एक थिअरी आणि एक नसलेला ग्रह

मागच्या आठवड्यात मामेभावाशी उत्क्रांतीवरून वाजलं. तो म्हणाला, "अरे, ती नुसती थिअरी आहे. सिद्ध झाली असती तर तिचा नियम नसता का झाला?" बीटेक होऊनही मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण माझ्याही डोक्यात शाळेपासून तीच शिडी होती: आधी गृहीतक, मग सिद्धांत, आणि प्रमोशन मिळालं की नियम. त्यात मराठीत न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला आपण सर्रास 'सिद्धांत' म्हणतो, म्हणजे गोंधळात भर.

म्हणून आज बुध ग्रहाची गोष्ट.

न्यूटनने १६८७ मध्ये दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात, याचं सूत्र दिलं. किती, एवढंच. का ओढतात? १७१३ च्या आवृत्तीत त्याने सरळ लिहून टाकलं की कारण मला सापडलेलं नाही आणि त्यावर मी अंदाज बांधत बसणार नाही.

पुढे युरेनस या गणिताप्रमाणे फिरेना. फ्रान्सच्या ल व्हेरिएने गृहीतक मांडलं: पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार. त्याचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. काय वाटलं असेल त्याला!

मग तो बुधाकडे वळला. बुधाची लांबट कक्षा स्वतःच हळूहळू फिरत जाते. बाकी ग्रहांची ओढ हिशोबात धरूनही थोडा फरक उरत होता. एका अंशाचे ३६०० भाग करा. त्यातले शंभर वर्षांत ४३ भाग. (१८५९ मध्ये त्याचा स्वतःचा आकडा ३८ होता, नंतर न्यूकमने तो सुधारला.)

आउटपुट असं जरासं चुकलं की आम्ही दोन गोष्टी बघतो: काही इनपुट सुटलंय, की कोडच चुकलंय? ल व्हेरिएला पहिल्याचा दांडगा अनुभव होता. तो म्हणाला, बुधाच्या आत अजून एक ग्रह आहे. नावही ठरलं, व्हल्कन. एका गावाकडच्या डॉक्टरने सूर्यावरून काळा ठिपका सरकताना बघितल्याचं कळवलं, तर हा थेट त्याच्या घरी उलटतपासणीला! खूश होऊन परतला. पण नंतर ग्रहणांमध्ये शोधूनही व्हल्कन काही पक्का सापडेना. ल व्हेरिए १८७७ मध्ये वारला, तारीख पुन्हा २३ सप्टेंबर. व्हल्कनवरचा विश्वास शेवटपर्यंत तसाच.

मला त्याला वेडा म्हणवत नाही. दोन्ही गृहीतकं तपासता येण्यासारखी होती. एक टिकलं, एक पडलं.

नोव्हेंबर १९१५. आइन्स्टाइनची जनरल रिलेटिव्हिटी म्हणते, सूर्यामुळे अवकाश-काळच वाकतो आणि ग्रह त्या वाकलेल्या वाटेने जातात. त्याने बुधाचं गणित केलं. एकही नवा ग्रह न घेता, ४३! म्हणजे बग कोडमध्येच होता.

आता गंमत बघा. जो 'नियम' होता, तोच किंचित कमी पडला. आणि जी त्याचं कारण सांगते, ती शंभर वर्षांनंतरही थिअरीच आहे. तिचा नियम होणारही नाही, कारण नियम काय घडतं ते सांगतो आणि थिअरी का घडतं ते. उत्क्रांतीचंही तेच, हे मी मामेभावाला व्हॉइस नोटवर पाठवलंय. अजून निळी टिक नाही.

आणि आइन्स्टाइन? तो आकडा जुळल्यावर काही दिवस आनंदाने आपल्याला काही सुचत नव्हतं, असं त्याने एका मित्राला पत्रात कळवलं होतं.