एलओएल (लघुरूप)

एलओएल हे ‘लाफिंग आउट लाउड’, म्हणजे ‘मोठ्याने हसणे’, या इंग्रजी वाक्प्रयोगाचे आद्याक्षरी लघुरूप आहे. संगणक व भ्रमणध्वनीवरील लिखित संवादात हसू किंवा गंमत दर्शविण्यासाठी ते वापरले जाते. त्याचा उच्चार ‘एल-ओ-एल’ असा सुटा किंवा ‘लॉल’ असा एकत्र केला जातो.

उगम

हे लघुरूप समाजमाध्यमांपूर्वीचे आहे. फिडोनेट या संगणक-जाळ्याच्या ‘फिडोन्यूज’ वार्तापत्राच्या मे १९८९ मधील अंकात संवादात रूढ असलेल्या लघुरूपांची यादी आली होती. तीत एलओएलचा समावेश होता. मार्च २०११ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद केली. याच अक्षरांचा ‘लिटल ओल्ड लेडी’ (वृद्ध स्त्री) हा १९६० मधील वेगळा अर्थही त्या कोशात नोंदविलेला आहे.

प्रसार

पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठविला गेला. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात. देवनागरीसाठी ही मर्यादा ७० असून तीत काना, मात्रा व अनुस्वार स्वतंत्रपणे मोजले जातात. मर्यादित जागा आणि अंकांच्या कळफलकावरील संथ टंकलेखन यांमुळे लघुरूपांचा वापर वाढला. जागेची अडचण दूर झाल्यावरही एलओएल टिकून राहिले.

अर्थातील बदल

आरंभी हे लघुरूप प्रत्यक्ष हसण्याचे निदर्शक होते. पुढे ते वाक्याचा सूर सौम्य करण्यासाठी वापरले जाऊ लागले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांच्या मते, एलओएल आता हसण्याऐवजी बोलणाऱ्यांमधील आपुलकी व समजूत सूचित करते. समोरासमोरच्या बोलण्यात हे कार्य चेहरा आणि आवाज करतात. लेखनात ते चिन्हांकडे सोपवावे लागते.

गैरसमज

‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे ‘खूप प्रेम’, असाही या अक्षरांचा विस्तार केला जातो. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या संदेशांच्या शेवटी याच अर्थाने एलओएल लिहीत, अशी साक्ष संपादिका रिबेका ब्रुक्स यांनी मे २०१२ मध्ये लेव्हिसन चौकशीपुढे दिली. खरा अर्थ कळल्यावर त्यांनी तसे लिहिणे थांबविले, असेही त्यांनी सांगितले. शोकसंदेशात असा गोंधळ झाल्यास सांत्वनाची जागा उपहास घेतो. त्यामुळे लघुरूपाचा अर्थ ठरविताना प्रेषकाचे वय, परस्परसंबंध व संदेशाचा विषय लक्षात घ्यावा लागतो.

अन्य भाषांतील समांतर रूपे

फ्रेंचमध्ये ‘मॉर द रीर’ (हसून मेलो) या शब्दांची आद्याक्षरे ‘एमडीआर’ अशी लिहितात. थाई भाषेत पाच या अंकाचा उच्चार ‘हा’ असल्याने हसण्यासाठी ‘५५५’ लिहिले जाते. वेल्श भाषेत ‘लोल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘निरर्थक बडबड’ असा आहे.

मराठीत लघुरूपांची परंपरा पत्रलेखनातून दिसते. ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), ‘ती.’ (तीर्थरूप), ‘चि.’ (चिरंजीव) आणि ‘ता. क.’ (ताजा कलम) ही त्यांची परिचित उदाहरणे होत. यांतील ‘ती.’ व ‘चि.’ ही रूपे पत्रातील नाते सूचित करतात. लिहिणारा व वाचणारा यांना संकेत समान माहीत असणे, ही जुन्या आणि नव्या दोन्ही लघुरूपांची पूर्वअट आहे.