मागाच्या घराचा नकाशा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांचे नकाशे मी उमेदीच्या काळात काढले. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेषा, मग अमोनिया प्रिंट, आणि त्या प्रती घेऊन इंद्रभुवनात जायचं. आप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या त्या देखण्या वाड्यात महापालिकेचा कारभार चालतो.

बांधकामाचा वापर लिहिताना गाडी अडायची. निवासी की औद्योगिक? साखर पेठेतल्या पद्मशाली विणकराकडे याचं एका शब्दात उत्तर नव्हतं. तेलंगणातून आलेल्या या कुटुंबांनी घरात पहिली जागा दिली ती मागाला. हातमागासाठी जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. यंत्रमाग आले तेही त्याच खोलीत. बायका शेजारी कांड्या भरायच्या आणि रात्री मुलं तिथंच अंथरूण टाकायची. "मास्तर, इथं हॉल कशाला लिहिता? ही मागाची खोली आहे," असं एक आजोबा मला म्हणाले होते. त्यांचं बरोबर होतं.

हे नकाशे लागायचे ते बांधकाम परवानगीसाठी, आणि परवानगीची रीत इथं जुनी आहे. 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्यातही बांधकामाआधी पालिकेला लेखी नोटीस द्यावी लागे. 1964 मध्ये महापालिका झाली, 1966 मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना म्हणजे एमआरटीपी कायदा आला. कलम 44 खाली अर्ज करायचा. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव, मात्र बांधकाम नियमांत बसणारं हवं. तरतूद चांगलीच. पण अर्ज करायलाच बिनशेती, मंजूर रेखांकनातला प्लॉट लागायचा. विणकराला, विड्या वळणाऱ्या बाईला तो परवडणार कसा? त्यांनी शेतातला गुंठा घेतला. सात-बारावर अनेकांची सामाईक नावं, रस्ता सोडला तर सोडला. 1992 च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, सोरेगाव, मजरेवाडी शहरात आली आणि 33 चौरस किलोमीटरचं शहर 178 चं झालं. अशा वस्त्यांसाठी गुंठेवारीचा कायदा आला 2001 मध्ये. घरं आधी, कायदा नंतर! या माणसांना मी बेकायदा म्हणणार नाही. त्यांच्या ऐपतीचा कायदेशीर प्लॉट शहरानं कधी आखलाच नव्हता.

2020 च्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीनं 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला मोठी सवलत दिली. कागद जोडून शुल्क भरलं की पावती हीच परवानगी. गुंठा भरतो जेमतेम 101 चौरस मीटर. तरीही गुंठेवाल्याला आधी प्लॉट नियमित करून घ्यावा लागतो, म्हणून गुंठा घेण्याआधी सात-बारा आणि मंजूर रेखांकन पाहाच.

आता मागाची ती घरं पाडून तिथं मजले चढताहेत. विणकराचं घर आतून कसं होतं, हे पुढं या नकाशांवरूनच कळेल. तुमच्या ट्रंकेत आजोबांचा शिक्का मारलेला नकाशा असेल, तर तो रद्दीत घालू नका.