बदली परमुलखात, कर मात्र घरचा

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. बियाणं, सळई आणि मोसंबीचा हा जिल्हा. त्याचा परदेशातल्या नोकरीशी आणि इन्कम टॅक्सशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. कारण एके काळी पुण्याहून जालन्याला बदली होणं म्हणजे दुसऱ्याच्या राज्यात जाणं होतं!

१९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. नाणं वेगळं (हाली सिक्का), कायदे वेगळे. पण गावाला लागून हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि १८५३ च्या तहानंतर ही फौज ब्रिटिशांच्या हाताखाली गेली. १९०३ च्या सुमारास छावणी उठली. तोवर सरकारी नोकर मंडळी इकडे बदलून येत असणारच.

आता कराचं बघा. १८५७ च्या बंडाने तिजोरी रिकामी झाली म्हणून जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. तो पुढे कधी होता, कधी नव्हता. कायमचा झाला तो १८८६ च्या कायद्याने. या कायद्याच्या पहिल्याच कलमात एक मजेशीर तरतूद आहे. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, पण संस्थानांमध्ये भारत सरकारची नोकरी करणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांनाही तो लागू!

म्हणजे समजा, पुण्याचा एक कारकून जालन्याच्या छावणीत ६० रुपये पगारावर आला. वर्षाचे झाले ७२० रुपये. ५०० च्या वर म्हणून रुपयाला ४ पै दराने १५ रुपये कर. आणि तो ज्याच्याकडून किराणा भरायचा, त्या जालन्याच्या पेठेतल्या व्यापाऱ्याची कमाई दसपट असली तरी हा कर त्याला नाही. कारकून वेस ओलांडून आला, पण त्याचं सरकार त्याच्या पाठोपाठ आलं.

निजामाच्या राज्याने स्वतःचा प्राप्तिकर कायदा केला तो अगदी शेवटी, १३५७ फसलीत, म्हणजे १९४७ च्या सुमारास. मग संस्थान विलीन झालं, आणि १९५० च्या वित्त कायद्याने भारताचा प्राप्तिकर १ एप्रिलपासून इथेही आला. कराच्या दृष्टीने जालना 'परदेश' राहिलं नाही.

पण ते जुनं कलम वंश ठेवून गेलं बरं का. भारत सरकारने आपल्या नागरिकाला बाहेर नेमलं, तर त्याचा पगार भारतातच मिळाला असं धरतात. १९६१ च्या कायद्यात हे होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. बाहेर मिळणारे भत्ते मात्र माफ.

खासगी कंपनीतल्या पोरांचं गणित वेगळं. आमच्या नात्यातल्या एकाला कंपनीने जर्मनीला पाठवलं, तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न : "दोन्हीकडे भरायचा का?" इथे मालक कोण यापेक्षा तुम्ही किती दिवस कुठे होतात हे मोठं. नोकरीसाठी देश सोडलात आणि एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात, तर तुम्ही अनिवासी. मग बाहेरच्या कामाच्या पगारावर सहसा इथे कर नाही. (तो पगार भारतातल्या खात्यात पडत राहिला, तर वादाला जागा उरते.) दिवस जास्त भरले तर निवासी, आणि जगभरची कमाई इथे दाखवायची. तिकडे भरलेल्या कराची वजावट दोन देशांमधल्या करारानुसार मिळते. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिलपासून, त्यामुळे कागद जुळवताना नाकी नऊ येतात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांची आणि तिकडच्या कर पावत्यांची एक फाईल करून ठेवा, एवढंच सांगतो.

मला राहून राहून वाटतं, कर नुसते पैसे मोजत नाही. तू कुणाचा आणि उभा कुठे आहेस, हे दोन प्रश्न तो विचारतो. जालन्यातल्या त्या कारकुनाच्या बाबतीत पहिलं उत्तर पुरेसं होतं. आजच्या पोरांचा निकाल दुसऱ्यावर लागतो. आणि 'परदेश' म्हणजे काय, ते तर इतिहास ठरवतो. ज्या गावासाठी कधीकाळी कायद्यात वेगळी ओळ लिहावी लागली, तिथली मुलं आज जर्मनीत बसून दिवस मोजताहेत!