खाजगी दप्तरांचे जतन : गेवराई परिसर

देवस्थाने, ग्रंथालये, संशोधन-संस्था व जुनी घराणी यांच्याकडील कागदपत्रे मूळ जागीच तपासून त्यांची रचना, नोंदणी व जपणूक यांबाबत जाणकाराने केलेले मार्गदर्शन हे अभिलेखशास्त्राचे एक महत्त्वाचे अंग होय. इंग्लंडमध्ये १८६९ साली नेमलेल्या ऐतिहासिक हस्तलिखित आयोगाने खाजगी संग्रह मालकांकडेच ठेवून त्यांची पाहणी करण्याची पद्धत रूढ केली. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळामुळे असे कागद एकत्र ठेवण्याची सोय झाली.

गोदावरीच्या दक्षिणेकडील गेवराई (जि. बीड) तालुक्याच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे त्याचे सरकारी कागद हैदराबादच्या दप्तरखान्यात, तर वतन, इनाम व देवस्थान यांविषयीचे कागद स्थानिकांच्या घरी, अशी विभागणी झाली. १९४९ मध्ये संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या आणि पुढे इनामेही गेली. हक्क शाबीत करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सनदांचे व्यावहारिक प्रयोजन त्याबरोबर संपले. मोडी वाचणारेही विरळ झाल्याने अशी दप्तरे रद्दीत जाण्याचा धोका वाढला.

मार्गदर्शकाचे पहिले काम म्हणजे कागदांची मूळ जुळणी मोडू न देणे. एका रुमालातील कागदांचा परस्परसंबंध हाही पुरावाच असतो. कालक्रमाने अथवा विषयवार नवी मांडणी केल्यास तो नष्ट होतो. तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्येच हे तत्त्व आपल्या हस्तपुस्तिकेत सूत्ररूपाने मांडले. म्हणून प्रथम रुमालांना क्रमांक द्यावेत, पृष्ठे मोजावीत व यादी करावी. या भागात मोडीबरोबर फार्सी व उर्दू लेखही आढळत असल्याने त्या लिपींच्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे लागते.

जुन्या दप्तरांतील हातकागद चिवट असतो. पण काजळीची शाई पाण्याने फुटते. त्यामुळे ओले फडके वापरू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. चिकटपट्टी व टाचण्या टाळाव्यात. कपाट भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवल्यास ओल व वाळवी यांचा उपद्रव कमी होतो. हवा खेळती असावी आणि ऊन थेट पडू नये. कडुनिंबाचा पाला, कापूर असे पारंपरिक उपाय काही अंशी उपयोगी पडतात. मात्र ते नियमित तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित झालेले पटलीकरण पुन्हा उलगडणे कठीण असल्याने आता शक्यतो टाळले जाते.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक वा वाङ्‌मयीन महत्त्वाचे, पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम मात्र केंद्र सरकारच्या अभिलेखांपुरता आहे. खाजगी दप्तराचे रक्षण म्हणूनच मुख्यतः मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. कागद मध्यवर्ती संस्थेत नेल्याने ते सुरक्षित होतात. परंतु गावाशी असलेला त्यांचा संबंध सैल होतो. मालकाच्या संमतीने प्रतिमा घेऊन मूळ कागद जागीच ठेवणे हा त्यांतील मध्यममार्ग होय. मात्र तेथे त्यांची निगा राखणारे कोणी नसल्यास दप्तर संस्थेकडे सोपविणेच श्रेयस्कर ठरते.